मापाची टोपी

आमच्या घरातल्या लोखंडी ट्रंकेत पंचवीस-तीस टोप्या आहेत. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या कोऱ्या, आणि घरातल्या कुणाच्याच डोक्याला धड न बसणाऱ्या. मंचर, घोडेगाव, ओतूर, नारायणगाव, जिथे जिथे घरची माणसं लग्नाला गेली, तिथून टॉवेल, टोपी, नारळ असा मान घेऊन आली. नारळ फुटला, टॉवेल वापरला गेला, टोपी ट्रंकेत गेली. याच घरात माझे आजोबा मात्र टोपीशिवाय कधी उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. त्यांच्या टोप्या दोनच. एक डोक्यावर, एक वलणीवर. दोन्ही शिंप्याकडे माप देऊन शिवलेल्या.

काळ बदलला म्हणून टोपी सुटली, असं आपण म्हणतो. ते खरं आहेच. पण ती मापाची राहिली नाही, हेही एक कारण आहे असं मला मनापासून वाटतं.

पागोट्यापासून टोपीपर्यंत

जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. वर त्यांची नावं कोरलेली दिसतात, खाली फक्त पावलांच्या खुणा उरल्या आहेत. त्यांच्या डोक्यावर काय होतं, हे तिथे कळत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातले पुरुष मात्र भरगच्च पागोटी बांधून उभे आहेत. म्हणजे डोक्याला कापड गुंडाळण्याची आपल्याकडची रीत निदान दोन हजार वर्षांची आहे.

ते कापड माणसाची ओळख सांगायचं. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ब्रिटिश राजपुत्र ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी मेजवानी झाली. महात्मा फुले तिथे गरीब शेतकऱ्याच्या वेशात, डोक्याला फाटकं पागोटं बांधून गेले. भाषण त्यांनी नंतर केलं; पण पागोट्यानं निम्मं म्हणणं आधीच मांडलं होतं.

पुढे आली गांधी टोपी. देशातल्या निरनिराळ्या टोप्या पाहून गांधीजींना काश्मिरी टोपीची घडण पसंत पडली, असं त्यांचे सहकारी काकासाहेब कालेलकर यांनी नोंदवलं आहे. ती हलकी, घडी करून खिशात ठेवता येणारी. लोकरीऐवजी तिला सुती कापड लावलं आणि रंग ठेवला पांढरा, कारण पांढऱ्यावर घाम आणि मळ लगेच दिसतो आणि टोपी धुवावीच लागते. स्वच्छतेचा आग्रह असा कापडातच शिवला गेला.

आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू मुंबईत गिरणी कामगार होता. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडानं भरलेल्या ट्रकसमोर तो आडवा झाला आणि चिरडला गेला. वय अवघं बावीस. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्याचं नाव आहे. आपल्या हातचं कापड अंगावर असावं, या हट्टासाठी आमच्या मातीतल्या पोरानं जीव दिला. त्या काळी डोक्यावरच्या खादीला काय मोल होतं, हे मला आणखी कुणी समजावून सांगायला लागत नाही.

मुंबईचे डबेवालेही बहुतांशी इकडचेच: जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी हा व्यवसाय उभा केला. कामावर पांढरी टोपी हवीच, नसली तर दंड, ही त्यांची शिस्त आहे. चर्चगेटच्या गर्दीत ती टोपी दिसली की लोक वाट देतात. २०२३ मध्ये राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकासाठी डबेवाल्यांनी भेट निवडली तीही डोक्याचीच: पुणेरी पगडी आणि उपरणं.

माप कसं घ्यावं

दोरी किंवा शिंप्याची टेप घ्या. भुवयांच्या दोन बोटं वरून, कानांच्या किंचित वरून, मागे डोकं जिथे सर्वांत फुगीर आहे तिथून फिरवा. टेपखाली एक बोट सहज सरकायला हवं. कापड खादीचं असेल तर ते पहिल्या धुण्यात आटतं. म्हणून शिवण्याआधी भिजवून वाळवावं, नाहीतर माप अर्धा इंच सैल धरावं. दुपारभर घालून कपाळावर वळ उठला तर टोपी घट्ट आहे. वाकल्यावर पुढे घसरली तर ढिली.

उंचीचाही विचार करावा. उभट चेहऱ्याला कमी उंचीची टोपी शोभते, गोल चेहऱ्याला थोडी उंच. टेरिकॉटची टोपी कडक राहते, चुरगळत नाही; पण उन्हात डोकं तापतं. शेतात वावरणाऱ्यानं सुतीच घ्यावी. घालताना वरची घडी नाकाच्या रेषेत ठेवावी. मग कुणी ती किंचित तिरकी करतो, कुणी कपाळावर ओढतो. ती ज्याची त्याची ऐट.

आजोबांची टोपी साबणानं धुतली जायची, निळीच्या पाण्यातून निघायची आणि भाताच्या पेजेची खळ लागून वाळायची. दमट असतानाच घडी घालून अंथरुणाखाली ठेवली की सकाळी इस्त्रीसारखी धार.

   

फेटा आणि इरलं

पुणेरी पगडी तयार घडणीची असते. ती बांधायची नसते, नुसती ठेवायची. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. फेटा मात्र दरवेळी नव्यानं जन्मतो. साधारण आठ-नऊ मीटर कापड. एक टोक पाठीवर शेमला म्हणून सोडायचं, कपाळावर तिरके पेच एकावर एक चढवायचे, दुसऱ्या टोकाचा तुरा खोवायचा. मलमल पकड धरते, गुळगुळीत कापड सरकतं. पेच कानावर टेकावेत, कान दाबू नयेत. घट्ट फेट्यानं वरातीआधीच डोकं ठणकतं. वरातीइतकाच फेटा बैलगाडा शर्यतीतही मिरवतो. शर्यतींवर बंदी होती तेव्हा आमच्याकडचे शर्यतीचे घाट सुने पडले होते. १८ मे २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं उरलीसुरली धास्ती गेली. आता घाटात गुलालाखाली फेट्याचा मूळ रंग ओळखू येत नाही.

पण मला सर्वांत शहाणं वाटतं ते भीमाशंकरच्या बाजूचं इरलं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचा थर. डोक्यावर अडकवलं की पाठ कमरेपर्यंत झाकते आणि भात लावायला दोन्ही हात मोकळे राहतात. छत्रीला हे जमत नाही. इरल्याचं माप डोक्याचं नसतं, वाकलेल्या पाठीचं असतं. आता त्याची जागा प्लास्टिकच्या कागदानं घेतली आहे. तो स्वस्त आहे, पण वाऱ्यानं उडतो आणि आत घाम धरतो.

बांगडी आपण हात पाहून भरतो, चप्पल पाय घालून घेतो. मान म्हणून दिलेली टोपी तेवढी डोकं न पाहता देतो. शंभर टोप्या वाटण्यापेक्षा घरच्या दहा वडीलधाऱ्यांची मापं आधी घेऊन दहा टोप्या शिवून द्याव्यात. खर्च जास्त येणार नाही, आणि मान खरोखर डोक्यावर चढेल.

ट्रंकेतल्या टोप्याही वाया गेलेल्या नाहीत. मागची शिवण उसवून त्याच रंगाची पट्टी जोडली की लहान टोपी मोठी होते. ढिलीला तिथेच चिमटा घेता येतो. यंदा मी पाच टोप्या शिंप्याकडे नेल्या. त्यानं आधी टोपीला हात लावला नाही. टेप काढली आणि माझ्या डोक्याभोवती फिरवली. दिवाळीनंतरच्या पहिल्या लग्नाला मी त्यातलीच एक घालून जाणार आहे.