बाजाराचा दिवस, शुगरचा दिवस

सकाळचे साडेआठ वाजलेत आणि ऊन आत्ताच डोळ्यांवर येतंय. वर्धा जिल्ह्यातला मे महिना. दुपारपर्यंत पारा पंचेचाळिशीला टेकणार. देवळी तालुक्यातल्या या उपकेंद्राच्या व्हरांड्यातली बाकं भरलीत, उरलेली माणसं भिंतीच्या सावलीला बसलीत. आज गावचा आठवडी बाजार. शुगर-बीपीच्या तपासणीचा वार मुद्दाम बाजाराला जोडून घेतलाय. एका तिकिटात भाजीही होते आणि गोळ्याही.

टेबलामागे समुदाय आरोग्य अधिकारी बसल्यात. गावासाठी त्या सीएचओ मॅडम. समोर ग्लुकोमीटर, पट्ट्यांची डबी, कापसाचे बोळे. शेजारी आशाताई रजिस्टर उघडून नावं पुकारतात.

पहिली मावशी पुढं येते. मॅडम तिचा हात हातात घेतात आणि बोट दाबून बघतात. वर्षानुवर्षं कापूस वेचून, धसकटं उपटून कातडी इतकी जाड झालीय की पहिल्या टोचणीला रक्तच येत नाही. मॅडम टोकाला न टोचता बोटाच्या कडेला टोचतात. तिथं दुखतं कमी. थेंब येतो, पट्टी तो ओढून घेते, आकडे मागं मागं सरकतात आणि मीटरवर उमटतं ३१२.

मावशीच्या तोंडचं पाणी पळतं. मॅडम मात्र आकडा लिहीत नाहीत.

"आंबा खाल्ला का मावशी सकाळी?"

"नाई जी. उपाशी आली. आंबा कापला फक्त, नातवाले देला."

"जा, साबणानं हात धुऊन या. चांगले कोरडे करा."

धुतलेल्या बोटातून दुसरा थेंब, दुसरी पट्टी. १६४. उपाशीपोटी ८० ते १३०च्या आत हवी, म्हणजे शुगर वाढलेली आहेच. पण ३१२ची शुगर रक्तातली नव्हती, बोटाला लागलेल्या रसाची होती. त्या आकड्यावर गोळी वाढवली असती तर मावशीच्या पोटात नको तेवढं औषध गेलं असतं. बाहेर दुकानात अशी एक पट्टी पंधरा-वीस रुपयांना पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आलाय, तरी घरी रोज एकदा तपासायचं म्हटलं तर महिन्याचे साडेचारशे-सहाशे रुपये बाजूला ठेवावे लागतात. इथं बाकावर बसलेल्यांपैकी कुणी ते ठेवत नाही. त्यांची शुगर महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशीच मोजली जाते.

मावशीला मेटफॉर्मिनच्या महिन्याभराच्या गोळ्या मिळतात. पैसे नाहीत, १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. एसटीतही बायकांना अर्धंच तिकीट. मी म्हणतो, "म्हणजे खर्च काहीच नाही." मावशी गोळ्या पदराच्या गाठीत बांधता बांधता माझ्याकडे बघते.

"अन् आजचे अडीचशे कोन देनार? धसकटं वेचाले गेली असती तर भेटले असते ना."

हा खर्च कुठल्याच बिलात येत नाही. गोळी खरोखर स्वस्त झालीय. साधी मेटफॉर्मिन जेनेरिक घेतली तर रुपया-दीड रुपयात येते. एम्पाग्लिफ्लोझिनसारखी गोळी, जी पूर्वी साठ रुपयांच्या घरात होती, ती मार्च २०२५मध्ये पेटंट संपल्यावर दहाच्या आत मिळू लागली. पण गोळी आणायला लागणारा दिवस स्वस्त झालेला नाही. महिन्याला एक रोजी बुडते. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी करायला तालुक्याला गेलं की आणखी एक रोजी, वर खासगी लॅबचे चारपाचशे. मग माणूस ठरवतो, या महिन्यात राहू दे.

भिंतीकडून गलका होतो. तिथं बसलेले एक काकाजी वाकडे होतात. सदरा घामानं भिजलाय, हात थरथरताहेत, बोलणं जड झालंय. "ऊन लागलं, ऊन लागलं" म्हणून कुणी कांद्याचं नाव काढतं, कुणी टॉवेल ओला करतं. काकाजींच्या सूनबाई मॅडमना सांगतात, "पहाटेच सुई घेतली होती. मग तुमीच म्हनता ना उपाशी या, म्हनून काई खाल्लं नाई."

मॅडम धावतच मीटर आणतात. ५४.

तेवढ्यात एकजण कनवाळूपणे पिशवीतून वर्ध्याचं गोड बिस्किट, गोरसपाक काढतो. वर्ध्याला जाऊन आलेल्याच्या पिशवीत तो असतोच. मॅडम त्याचा हात थांबवतात. "हा नको, यात तूप आहे. तुपानं साखर रक्तात उशिरा पोचते. आधी साधी साखर." पेल्यात तीन चमचे साखर ढवळून त्या काकाजींना घोट घोट पाजतात. शुद्ध हरपली असती तर तोंडात काही घालता आलं नसतं, हेही जमलेल्यांना सांगून टाकतात. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचतात. ९८. आता काकाजींना सुनेच्या डब्यातली पोळी-भाजी खायला लावतात. इतका वेळ ज्या साखरेला सगळे घाबरून होते, तिच्याच पाण्यानं माणूस उठून बसलेला बघून रांगेतलं बोलणं बंद झालंय.

काकाजी सावरल्यावर मॅडम त्यांची पिशवी उलगडतात. चाळीस युनिटच्या इन्शुलिनची बाटली, लाल टोपणाची सिरिंज. जोडी बरोबर आहे. या बाटलीसाठी शंभर युनिटची, केशरी टोपणाची सिरिंज वापरली तर डोस चुकतो. म्हणून टोपणाचा रंग त्या दर खेपेला बघतात. सकाळी वीस, संध्याकाळी बारा युनिट. बाटलीत चारशे, म्हणजे ती साडेबारा दिवस पुरते. दीडशेच्या आसपास किमतीच्या अडीचेक बाटल्या महिन्याला. पेनातली नवी इन्शुलिनं याच्या कितीतरी पट महाग.

"ठेवता कुठं?"

"मडक्यात," सूनबाई सांगतात. "मोठ्या मडक्यात ओली रेती, त्यात लहान मडकं, त्यात डबी. फ्रिज हाय, पन लाइनीचा भरोसा नाई."

मॅडम मान डोलावतात. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, दोन ते आठ अंशांत ठेवायची. उघडलेली महिनाभर बाहेर चालते, पण पत्र्याच्या घरातल्या मे महिन्यात नाही. कोरड्या हवेत मडकं चांगलं काम करतं. "सुई घेतली की जेवायचंच," त्या काकाजींना बजावतात. "उपाशी यायचं असेल तर सुई पिशवीत आणा. तपासल्यावर घ्या, मग डबा खा."

रांग पुढं सरकते. पांढऱ्या टोपीतले एक आजोबा विचारतात, "मॅडम, आमच्या वक्ताले हे कुठं होतं? आता घरोघरी कसं झालं?"

आयसीएमआरच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. मॅडम तो आकडा सांगत बसत नाहीत. "जेवता काय?" एवढंच विचारतात.

"भात. रेशनचा."

"भाकर?"

"जवारी पेरते कोन आता?" आजोबा हसतात. रोही आणि रानडुकरं उभं पीक झोपवतात, उरलं ते पाखरं नेतात. म्हणून शेतात सोयाबीन आलं. रेशनचा तांदूळ फुकट आणि ज्वारी किलोला चाळीसच्या आसपास. आजोबांना जुनी ज्वारी आठवते ती वेगळ्या कारणानं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या विमा योजनेत ते सुगीला ज्वारी देत. घरात कुणी आजारी पडलं की बिलात सूट मिळे. रोख पैसा नसलेल्या शेतकऱ्याला धान्यात हप्ता भरता येई. "तवा जवारी देऊन दवाखाना होये," आजोबा म्हणतात, "आता दवाखाना म्हनते, जवारी खा."

मॅडमही हसतात, पण सल्ला बदलतात. भाकरी रोज परवडत नसेल तर भात निम्मा करा, वरण आणि भाजी वाढवा, चहा बिनसाखरेचा. मग आजोबांना चपला काढायला लावून तळपाय बघतात. टाचेजवळ भाजल्याचा फोड आहे. आजोबांना तो ठाऊकच नाही. तापल्या मातीत अनवाणी चालले आणि पायाला कळलं नाही. मॅडम जखम साफ करून पट्टी बांधतात आणि सेवाग्रामची चिठ्ठी लिहितात. आज ही जखम एका पट्टीची आहे. महिनाभर तशीच राहिली तर पायावर बेतेल, आणि मग खर्च रोजीत मोजता येणार नाही.

साडेअकराला बाकं रिकामी होतात. आता आशाताईंचं खरं काम सुरू होतं: न आलेल्यांची यादी. ही पद्धत इथं रक्तदाबानं रुजवली. देशातल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत वर्धा होता. महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायच्या आणि जो फिरकला नाही त्याला फोन करायचा, एवढंच त्याचं सूत्र. फोन लागतो, आशाताई स्पीकर चालू करतात.

"भाऊ, गोळ्या सरल्या ना? आले कायले नाई?"

"मागच्या बारीले नॉर्मल आली ना शुगर. मंग बंदच केल्या."

मॅडम फोन घेतात. "भाऊ, नॉर्मल गोळीनंच आली होती. गोळी सोडली की ती परत चढते."

"पन मॅडम, रोजी पडते. ट्रॅक्टरवर हाव मी सध्या."

"किती वाजता सुटता?"

"सहा."

"मग साडेसहाला या. मी थांबते." फोन ठेवून त्या रजिस्टरात त्याच्या नावापुढं वेळ लिहितात आणि आशाताईंना म्हणतात, "ज्यांची रोजी पडते त्या सगळ्यांना हीच वेळ सांगा."