मंगळावरचे जीव : शोध पायाखालच्या कातळात

अहमदपूरकडे विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. हा कातळ म्हणजे बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसाल्टचाच आहे. म्हणून मंगळावर सूक्ष्मजीव असलेच तर कुठे असतील, या प्रश्नाची सुरुवात आपण आपल्या विहिरीपासून करू.

मंगळाच्या पृष्ठभागावर जगणे कठीण आहे. तिथे हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी, तर सरासरी तापमान उणे 60 अंश सेल्सिअसच्या आसपास. त्यामुळे द्रवरूप पाणी टिकत नाही. ओझोनचे छत्र नसल्याने अतिनील किरणही थेट जमिनीवर पोचतात. जसजसे खोल जावे तसतशी मात्र उष्णता वाढते आणि किरणांपासून आडोसा मिळतो. तिथे भेगांमध्ये पाणी असू शकेल.

मग अंधारात हे जीव खाणार काय? बेसाल्टमध्ये लोह भरपूर असते. काही परिस्थितींत या लोहाची पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो. पृथ्वीवरचे काही सूक्ष्मजीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेन बनवतात व त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात. त्यांना ना सूर्यप्रकाश लागतो, ना ऑक्सिजन.

1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला 617 मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा बेसाल्टची जाडी 338 मीटर भरली. पुढे कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी याहून कितीतरी खोल छिद्रे घेतली गेली. तिथल्या खोलवरच्या बेसाल्ट व ग्रॅनाइटच्या नमुन्यांत खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांना सूक्ष्मजीवांचे डीएनए आढळले.

इथे एक मेख आहे. छिद्र घेताना वापरलेल्या पाण्याबरोबर वरचे जंतूही खाली जातात. म्हणून नमुन्याचा बाहेरचा भाग काढून टाकून आतला गाभाच तपासावा लागतो. मंगळावर हीच चूक महागात पडेल. यानाबरोबर गेलेले आपलेच जंतू आपण ‘मंगळवासी’ ठरवू!

2021 मध्ये मंगळावर उतरलेली ‘पर्सिव्हरन्स’ गाडी खडकात काही सेंटिमीटरच छिद्र घेते. तेव्हा ‘मंगळावर जीव आहेत का?’ असे वर्गात कोणी विचारले, तर हो किंवा नाही म्हणण्याआधी आपण उलट विचारू या : आजवर पाहिले कुठे, आणि किती खोल?