अणुवीज केंद्राच्या अपघातात माणसं कशानं मरतात?

मुळशी तालुक्यात अणुवीज केंद्र नाही. पण विजेसाठी गाव सोडावं लागलं की माणसांचं काय होतं, हे या तालुक्याला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. चेर्नोबिल आणि फुकुशिमाबद्दलचे समज तपासताना ही जाण उपयोगी पडते.

गैरसमज: अणुभट्टी फुटणं म्हणजे अणुबॉम्ब पडणं.
वीजनिर्मितीच्या इंधनात युरेनियम-२३५चं प्रमाण इतकं कमी असतं की त्याचा बॉम्बसारखा स्फोट होत नाही. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची चौथी भट्टी अनावर होऊन वाफेच्या दाबानं फुटली आणि किरणोत्सारी द्रव्यं युरोपभर पसरली.

गैरसमज: चेर्नोबिलमध्ये लाखो माणसं मेली. किंवा, फक्त ३१च मेली.
दोन्ही आकडे ठणकावून सांगितले जातात आणि दोन्ही दिशाभूल करतात. त्या रात्री दोन कामगार गेले. तीव्र किरणोत्साराची बाधा १३४ जणांना झाली, त्यातले २८ काही महिन्यांत दगावले. पण हिशेब इथे संपत नाही. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं, गाईंच्या पोटात गेलं आणि दुधावाटे मुलांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठलं. या आयोडीनचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो. म्हणजे काही आठवडे ते दूध मुलांना दिलं नसतं, तर बरंचसं टळलं असतं. लोकांना वेळेवर सांगितलंच गेलं नाही. त्या वेळी अठरा वर्षांखालील असलेल्यांमध्ये २००५पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे ६,०००हून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यातला मोठा वाटा या दुधाचा. मृत्यू १५ झाले. बाकीचे बहुतेक वाचले, पण ग्रंथी काढावी लागलेल्यांच्या मागे रोजची गोळी जन्मभराची लागली.

पुढच्या काळातल्या कर्करोगानं होणाऱ्या मृत्यूंचा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचा अंदाज सर्वाधिक बाधितांमध्ये ४,०००पर्यंत, आणि व्यापक प्रदेश धरून ९,०००पर्यंत आहे. हे गणितानं काढलेले अंदाज आहेत. अमका माणूस चेर्नोबिलमुळेच गेला, असं बोट दाखवून सांगता येत नाही.

गैरसमज: बाधितांच्या पुढच्या पिढ्या व्यंग घेऊन जन्मतात.
हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या आणि चेर्नोबिल बाधितांच्या मुलांचा अभ्यास झाला आहे. आईवडिलांना झालेल्या किरणोत्साराच्या बाधेमुळे मुलांमध्ये आनुवंशिक दोष वाढल्याचं आढळलेलं नाही. या समजानं मात्र खरी हानी केली. चेर्नोबिलनंतर दूरच्या ग्रीसमध्येही बायकांनी भीतीपोटी गर्भपात करून घेतले. फुकुशिमाहून आलेल्या मुलांना जपानमधल्याच शाळांत इतर मुलांनी छळलं.

गैरसमज: फुकुशिमात हजारो लोक किरणोत्सारानं मेले.
११ मार्च २०११च्या भूकंप-त्सुनामीत सुमारे १८,५०० माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. ते समुद्राचे बळी. त्याच त्सुनामीनं बिघडलेल्या अणुवीज केंद्रातल्या किरणोत्सारामुळे झालेला मृत्यू म्हणून जपान सरकारनं २०१८मध्ये एका कामगाराचा फुप्फुसाचा कर्करोग मान्य केला. मग तिथे फारसं काही झालंच नाही का? झालं, आणि ते भयंकर होतं. दीड लाखांहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली. फुताबा रुग्णालयातले अंथरुणाला खिळलेले रुग्ण बसमध्ये घालून तासन्‌तास फिरवले गेले. त्या स्थलांतरात चाळीसहून अधिक जण दगावले. आपत्तीनंतरच्या विस्थापनात, औषधपाण्याविना, तात्पुरत्या घरांतल्या एकटेपणात खचून गेलेल्यांची, आत्महत्या केलेल्यांची सरकारी नोंद एकट्या फुकुशिमा प्रांतात २,३००च्या वर गेली आहे. यात म्हातारी माणसंच अधिक.

गैरसमज: भरपाई आणि नवं घर दिलं की प्रश्न मिटला.
इथे मुळशीकडे पाहावं. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी पन्नासहून अधिक मावळी गावांच्या जमिनी गेल्या. १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला, ‘जान किंवा जमीन’ हा त्यांचा घोष होता. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. याच लढ्यानं बापटांना ‘सेनापती’ केलं. १९२४पर्यंत लढा मोडला. धरण झालं, भिऱ्याला वीज तयार झाली आणि मुंबईला गेली. भाताची खाचरं पाण्याखाली गेली, अनेक कुटुंबं काठच्या डोंगरउतारावर सरकली. इथे किरणोत्साराचा कण नव्हता. तरीही शेत, शेजार, देवस्थान एकदम सुटल्यावर रोख रकमेनं काय भरून निघतं आणि काय नाही, हे मुळशीत दिसलं. चेर्नोबिलच्या सुमारे साडेतीन लाख विस्थापितांबद्दल तज्ज्ञांनी २००५मध्ये हेच नोंदवलं: सर्वांत मोठा आरोग्यप्रश्न मानसिक आरोग्याचा आहे.

म्हणून तारापूरच्या अणुवीज केंद्राशेजारच्या गावांनी आणि असं केंद्र प्रस्तावित असलेल्या जैतापूर-माडबनच्या लोकांनी ‘भट्टी सुरक्षित आहे का’ एवढंच विचारून थांबू नये. आपल्याकडे अणुवीज केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरच्या परिघासाठी आपत्कालीन आराखडा असतो. तो जिल्हाधिकारी कार्यालयात मागा. अंथरुणावरच्या आजीला कोणत्या गाडीतून, कोणत्या रस्त्यानं, कुठल्या दवाखान्यात नेणार आणि थायरॉइडमध्ये किरणोत्सारी आयोडीन साठू न देणाऱ्या साध्या आयोडीनच्या गोळ्या गावात कुणाकडे ठेवल्या आहेत, हे ग्रामसभेत लेखी विचारा.