कृत्रिम निनाद

मोठ्या दालनांत टाळी वाजविली असतां तिचा आवाज तत्काळ थांबत नाहीं. भिंती, छत व जमीन यांवरून तो पुनःपुन्हां परावर्तन पावतो, आणि असंख्य क्षीण प्रतिध्वनि एकमेकांत मिसळून निनाद उत्पन्न होतो. गाण्यास भारदस्तपणा येतो तो पुष्कळ अंशीं यामुळेंच. परंतु लहानशा खोलींत मुद्रित केलेल्या गायनास हा लाभ कोठून मिळावा? अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंतील मॅनफ्रेड श्रोडर व बेंजामिन लोगन यांनीं १९६१ सालीं यावर जी युक्ति प्रसिद्ध केली, ती येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संगणकांत ध्वनि म्हणजे अंकांची माळ होय. दर सेकंदास ४४,१०० अंक घेतले, तर १,३२३ अंक राखून मग सोडणें म्हणजे ध्वनीस ३० मिलिसेकंद विलंब लावणें. विलंबित ध्वनि ०.७ पट करून पुन्हां त्याच विलंबांत घातला, कीं १, ०.७, ०.४९ असे ओसरते प्रतिध्वनि येऊं लागतात.

परंतु येथें एक दोष शिरतो. ज्या स्वरांचीं कंपनें या फेऱ्यांशीं जुळतात ते बलवान होतात, विरुद्ध पडतात ते दुबळे होतात. दोहोंत साडेपाच पटींहून अधिक अंतर पडतें. आलेखावर हें चित्र फणीच्या दातांसारखें दिसतें, म्हणून या साधनास फणी म्हणतात. कानास तो आवाज पिंपांतून आल्यासारखा वाटतो.

उपाय असा: प्रतिध्वनींची माळ ०.५१ पट करावी, व तींत मूळ ध्वनि उलट्या चिन्हानें ०.७ पट करून मिळवावा. भूमितिश्रेढी शिकलेल्या विद्यार्थ्यांनीं पडताळा पाहावा. सर्वांत बलवान स्वराची बेरीज १.७ येते, तींतून ०.७ वजा जातां १ उरतो. सर्वांत दुबळ्याची उणे ०.३ येते; तींत उणे ०.७ मिळवितां उणे १ होतो. चिन्ह सोडल्यास दोघेहि समान! मधल्या स्वरांचेंहि तसेंच. म्हणून या साधनास 'ऑलपास', म्हणजे सर्वांस सारखी वाट देणारें, म्हणतात.

तरी अशा एका साधनानें सेकंदास जेमतेम ३३ प्रतिध्वनि मिळतात. निनाद सलग भासण्यास श्रोडर यांच्या मतें सुमारें १,००० लागतात. म्हणून १९६२ सालीं त्यांनीं चार फण्या समांतर मांडून त्यांचा ध्वनि दोन ऑलपासांतून एकामागून एक नेण्याची रचना सुचविली. चार फण्यांचे दात निरनिराळ्या ठिकाणीं पडल्यानें एकीची उणीव दुसरी भरून काढते, आणि ऑलपास प्रत्येक प्रतिध्वनीपासून नवे अनेक निर्माण करतात. विलंब मात्र सामाईक भाजक नसलेले निवडावे लागतात. ३० व ४५ घेतल्यास ९० व्या मिलिसेकंदास दोघे एकावर एक आदळतात.

एक मर्यादाहि सांगणें अवश्य आहे. ऑलपासाची समता दीर्घ टिकणाऱ्या स्वरांपुरतीच आहे. टाळीसारख्या क्षणिक आवाजांत त्याचा खणखणाट कानास जाणवूं शकतो. म्हणून गणितानें रचना सिद्ध झाल्यावरहि विलंबांची अखेरची निवड तज्ज्ञ लोक कानानें ऐकूनच करतात. लोगन हे स्वतः नांवाजलेले फिडलवादक होते, ही गोष्ट या संदर्भांत आमच्या विद्यार्थिमित्रांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.