‘निधी मंजूर’ म्हणजे नेमकं काय? नगरपरिषदेचा पैसा गल्लीतल्या गटारापर्यंत कसा पोहोचतो

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक बॅनर येतं. वर नेत्यांचे फोटो, खाली हात जोडलेले नगरसेवक आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘आपल्या प्रभागातील गटारासाठी ४० लाखांचा निधी मंजूर’. त्याखाली अभिनंदनांचा पाऊस. वर्ष उलटतं, खरा पाऊस येतो आणि गटार होतं तसंच तुंबतं. मग कुणीतरी तेच जुनं बॅनर शोधून पुन्हा ग्रुपवर टाकतं आणि विचारतं, पैसे गेले कुठे?

पैसे कुणी खाल्ले, हा पहिला संशय. तो कधी खराही निघतो. पण बऱ्याचदा पैसे आलेलेच नसतात. नगरपरिषदेच्या कारभारात ‘मंजूर’ हा शब्द तीन-चार वेगवेगळ्या टप्प्यांवर वापरला जातो आणि बॅनर बहुतेक वेळा पहिल्याच टप्प्याला लागतं. जेसीबी मात्र शेवटच्या टप्प्यानंतर येतो.

सही कुणाची चालते?

महाराष्ट्रातल्या लहान शहरांचा कारभार १९६५ च्या नगरपरिषद, नगरपंचायत आणि औद्योगिक नगरी अधिनियमावर चालतो. एक लाखाहून जास्त लोकसंख्येची ‘अ’ वर्ग, ४० हजार ते एक लाखाची ‘ब’ वर्ग आणि त्याखालची ‘क’ वर्ग नगरपरिषद. खेड्याचं शहर होऊ लागलेल्या ठिकाणी नगरपंचायत असते.

लोकांनी निवडलेले नगरसेवक आणि नगराध्यक्ष एका बाजूला, राज्य सरकारने नेमलेले मुख्याधिकारी दुसऱ्या बाजूला. कोणतं काम करायचं हे सभागृह ठरवतं. ते करवून घेणं, हिशेब ठेवणं आणि बिल काढणं हे मुख्याधिकाऱ्यांच्या प्रशासनाचं काम. नगरसेवकाच्या हातात चेकबुक नसतं. त्याच्या हातात असतो ठराव. नगराध्यक्षपद २०१६ मध्ये थेट जनतेतून निवडलं जाऊ लागलं, २०२० मध्ये ती पद्धत रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. त्यामुळे काही शहरांत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं असा प्रकार होतो, आणि मग साध्या गटाराच्या विषयावरही दोन-दोन सभा जातात.

‘शिलकी’ अर्थसंकल्पाचं गणित

दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक बातमी ठरलेली असते. अमुक नगरपरिषदेचा इतक्या कोटींचा, इतक्या लाख शिलकीचा अर्थसंकल्प मंजूर, करवाढ नाही. वाचणाऱ्याला वाटतं, पालिकेकडे पैसा शिल्लक आहे.

तसं नसतं. प्रशासन आधी अंदाजपत्रक तयार करतं, ते स्थायी समितीपुढे जातं आणि नंतर खास त्यासाठी बोलावलेल्या विशेष सभेत त्यावर चर्चा होते. नाव अंदाजपत्रक आहे, आणि ते अंदाजच असतात. जमेच्या बाजूला अपेक्षित उत्पन्न लिहायचं, खर्चाची बाजू त्यापेक्षा थोडी कमी ठेवायची, की कागदावर शिल्लक दिसते. जमेच्या बाजूचा मोठा भाग असतो सरकारकडून येऊ शकणाऱ्या अनुदानांचा. पाणीयोजनेसाठी काही कोटी, नगरोत्थान अभियानातून काही, जिल्हा वार्षिक योजनेतून काही. ते आले तर खर्च होणार, नाही आले तर पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात तेच आकडे पुन्हा दिसणार. म्हणून एखाद्या पालिकेचं खरं चित्र बघायचं तर यंदाच्या अंदाजाच्या शेजारचा रकाना बघावा. तिथे मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती जमा झालं ते लिहिलेलं असतं. दोन आकड्यांमधली दरी बघून बातमीतले कोटी किती खरे, ते लगेच कळतं.

पालिकेचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी, बाजार फी आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. एके काळी जकात हा मोठा आधार होता. नगरपरिषदांच्या हद्दीतली जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि त्याबदल्यात राज्य सरकार सहायक अनुदान देऊ लागलं. हे अनुदान बहुतांशी कर्मचाऱ्यांच्या पगारातच जातं. काही शहरांना वेगळे मार्ग आहेत. माथेरान आणि महाबळेश्वरसारख्या ठिकाणी पर्यटकांकडून कर घेतला जातो, पंढरपूरला वारीच्या व्यवस्थेसाठी राज्याकडून यात्रा अनुदान मिळतं. बाकीच्या गावांची भिस्त घरपट्टीवर.

आणि घरपट्टी वाढवायला कोणीच तयार नसतं. कर आकारणीची फेरतपासणी दर चार वर्षांनी होते. नोटिसा वाटल्या की शहरात मोर्चा निघतो, हरकतींचा ढीग पडतो आणि सभागृह स्थगितीची मागणी करतं. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, तरी थकबाकी हटत नाही. स्वतःच्या खिशात पैसा नसलेली पालिका मग मुंबईकडे बघते. आणि मुंबईहून किंवा दिल्लीहून येणारा बराच पैसा आधीच नाव लिहून आलेला असतो. १५ व्या वित्त आयोगाने लहान शहरांना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पिण्याचं पाणी आणि घनकचरा यांसाठीच बांधलेला होता. त्यातून चौक सुशोभित करता येत नाही, कितीही मागणी असली तरी.

स्वतःच्या उत्पन्नातही काही हिस्से राखून ठेवावे लागतात. महिला व बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्यासाठी प्रत्येकी ५ टक्के. हे हिस्से वर्षअखेरीस घाईघाईने खर्ची टाकले जातात, हा अनेक गावांतल्या दिव्यांग संघटनांचा जुना आक्षेप आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शिलाई मशीन वाटपाचे कार्यक्रम का होतात, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

त्या ४० लाखांचं पुढे काय होतं?

आता पुन्हा गटाराकडे. अंदाजपत्रकात ‘प्रभागातील गटार बांधणे’ अशी ओळ आली, याला म्हणतात तरतूद. ही पहिली ‘मंजुरी’, आणि बॅनर इथेच छापलं जातं.

त्यानंतर नगरपरिषदेचा अभियंता जागेवर जाऊन लांबी-रुंदी मोजतो आणि सरकारी दरसूचीप्रमाणे कामाचं अंदाजपत्रक बनवतो. त्याला तांत्रिक मान्यता लागते. काम लहान असेल तर ती पालिकेच्या पातळीवर मिळते, मोठं असेल तर सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, पाणी किंवा भुयारी गटाराची योजना असेल तर महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे फाइल जाते. मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे ‘हे काम करा, इतका खर्च चालेल’ असा आदेश. स्वनिधीतलं काम असेल तर सभागृहाचा ठराव पुरतो. योजनेचा पैसा असेल तर जिल्हाधिकारी किंवा मंत्रालय. हीसुद्धा ‘मंजुरी’च, आणि हिचंही बॅनर लागतं. प्रत्यक्ष निधी पालिकेच्या खात्यात कधी येईल, ती तिसरी गोष्ट. तो हप्त्याहप्त्याने येतो आणि कित्येकदा पालिकेने स्वतःचा हिस्सा भरल्याशिवाय येत नाही.

मग निविदा. मोठ्या कामांच्या निविदा राज्याच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर ऑनलाइन निघतात. ठेकेदार दोन लिफाफे भरतो. पहिल्यात कागदपत्रं, अनुभव आणि अनामत रक्कम, दुसऱ्यात दर. पहिल्या लिफाफ्यात पास झालेल्यांचाच दुसरा लिफाफा उघडतो, आणि सगळ्यात कमी दरवाल्याला काम मिळतं. वाद बहुतेक वेळा पहिल्या लिफाफ्यावर होतात. अटी अशा घालायच्या की गावातला एकच ठेकेदार बसेल, ही तक्रार नवी नाही.

दुसरी जुनी युक्ती म्हणजे कामाचे तुकडे पाडणं. एका रस्त्याची तीन कामं दाखवायची, म्हणजे प्रत्येक काम ई-निविदेच्या मर्यादेखाली राहतं आणि कोटेशन मागवून देता येतं. यादीत ‘अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत’ अशी एकाच गल्लीतली लागोपाठची कामं दिसली, तर लेखापरीक्षक पहिला शेरा यावरच मारतात.

उलटी गडबडही होते. ठेकेदार अंदाजित रकमेपेक्षा २५-३० टक्के कमी दर भरतो. पालिकेचे पैसे वाचले असं वाटतं, पण सिमेंट आणि खडीचे भाव त्याच्यासाठी काही वेगळे नसतात. म्हणून फार कमी दर भरणाऱ्याकडून जादा अनामत घेतली जाते.

निविदा स्वीकारली, करार झाला, की निघतो कार्यारंभ आदेश. बॅनर लावायचंच तर खरं ते इथे लावायला हवं. पण मध्येच एखाद्या निवडणुकीची आचारसंहिता लागली, तर कार्यारंभ आदेशाविना सगळं तिथेच थांबतं.

ब्लीचिंग पावडर ते घंटागाडी

गटारं-रस्ते ही कामं दिसतात. खरेदी तितकी दिसत नाही. एलईडी दिवे, तुरटी, ब्लीचिंग पावडर, मोटार दुरुस्ती, घंटागाडीचे टायर, शाळेची बाकं. रोज लागणाऱ्या वस्तूंचा वर्षभराचा दर एकदाच ठरवून घेतात, आणि लागेल तसा माल मागवतात. बाकीची खरेदी निविदेने किंवा ‘जेम’ या सरकारी पोर्टलवरून. इथे भावाइतकाच महत्त्वाचा असतो साठा नोंदवहीतला आकडा. दिवे किती आले, किती खांबांवर लागले आणि उरलेले कुठे आहेत, हे तीन आकडे जुळायला हवेत.

ऐन पावसाळ्यात मुख्य जलवाहिनी फुटली तर निविदा काढत बसता येत नाही. अशा वेळी कायद्याच्या कलम ५८(२) प्रमाणे नगराध्यक्ष तातडीचं काम करायला सांगू शकतात, आणि नंतर ते सभागृहापुढे ठेवावं लागतं. सोय चांगली आहे. वांधा होतो तो ‘तातडी’ या शब्दाचा अर्थ ताणला जातो तेव्हा.

शोकप्रस्तावापासून कचऱ्यापर्यंत

सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. तिची नोटीस सात दिवस आधी, विशेष सभेची तीन दिवस आधी. सभेत पालिकेच्या अधिकारातलेच विषय घ्यायचे, असा नियम आहे. पाहुण्यांचं स्वागत आणि शोकप्रस्ताव यांना मात्र कायद्यानेच जागा ठेवली आहे.

चौकाला नाव कुणाचं, आठवडा बाजार कुठे भरवायचा, फटाक्यांच्या स्टॉलना कोणतं मैदान द्यायचं, स्मशानभूमीला शेड कधी, मोकाट कुत्र्यांचं काय. गावात भांडणं होतात ती या विषयांवर, कोटींच्या पाणीयोजनेवर नव्हे. पाणीयोजनेचा ठराव पाच मिनिटांत होतो, नामकरणाला दोन तास लागतात. सावध राहावं ते ‘ऐनवेळचे विषय’ या शेवटच्या ओळीपाशी. विषयपत्रिकेत नसलेली आणि नगरसेवकांनीही आधी न वाचलेली कामं तिथून आत येतात.

पण याच सभागृहांनी चांगली कामंही करून दाखवली आहेत. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ले नगरपरिषदेने तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घरोघरी कचरा वेगळा करायला लावला आणि जिथे कचऱ्याचा डेपो होता ती जागा लोक सहल काढून बघायला येतील अशी केली. वेंगुर्ले लहान आणि तिजोरीही लहान. तिथे मोठी यंत्रं कमी आणि रोजची शिस्त जास्त होती.

सभागृहाचा एखादा ठराव बेकायदा किंवा लोकांच्या हिताविरुद्ध वाटला तर जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी रोखू शकतात. विरोधी गटाचे नगरसेवक या कलमाचा आधार वरचेवर घेतात. मात्र अनेक पालिकांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली आणि निवडणुका थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधली जवळपास चार वर्षं प्रशासकच ठराव करत होते आणि तेच तो अमलात आणत होते. सभागृहात उठून ‘हा खर्च कशाचा?’ विचारणारं कुणी नव्हतं.

बॅनर आलं की काय विचारायचं?

एकच प्रश्न पुरतो. कार्यारंभ आदेशाचा क्रमांक आणि तारीख काय? तो नसेल तर मंजुरी अजून कागदावर आहे.

सभा लोकांसाठी खुली असते, प्रेक्षक म्हणून बसता येतं. इतिवृत्त आणि ठरावाची प्रत मागता येते. १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह माहिती अधिकाराचा अर्ज केला तर ३० दिवसांत माहिती मिळायला हवी. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत मांडायचा. मागायची तर मोजमाप पुस्तिकेची प्रत मागावी. अभियंत्याने प्रत्यक्ष मोजलेली लांबी, रुंदी, जाडी त्यात असते आणि बिल त्यावरच निघतं. फारसं कुणाला ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे, माहिती अधिकारात फक्त कागद बघता येतात असं नाही. चालू कामाची पाहणी करता येते आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो.

गटार बांधून झालं तरी प्रकरण संपत नाही. करारात दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत ढापा खचला किंवा भिंत फुटली, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, आणि तोवर त्याची अनामत पालिकेकडेच असते. मुदत संपायच्या आत लेखी तक्रार गेली, तर ती रक्कम अडवून ठेवता येते.