प्रवासात डोळ्यांची अ‍ॅलर्जी : चोळणे टाळा, औषध विचारून घाला

नागपूरहून गोंदिया, डोंगरगड, राजनांदगावमार्गे दुर्ग हा सुमारे २६५ किलोमीटरचा रेल्वेप्रवास आहे. दुर्गला उतरून भिलाईच्या हुडको वसाहतीत आप्तांकडे निघालेल्या, खिडकीजवळ बसलेल्या प्रवाशाचे डोळे वाटेतच खाजू लागतात, पाणी वाहते आणि घर गाठेपर्यंत पापण्या सुजतात. हे दृश्य भीतिदायक वाटले, तरी असा त्रास पुष्कळदा अ‍ॅलर्जीचा असतो व योग्य काळजी घेतल्यास ओसरतो. खरा धोका असतो तो घाईने केलेल्या चुकीच्या उपचारांचा.

त्रास का होतो?

धूळ, परागकण, प्राण्यांचे केस किंवा नवे काजळ यांपैकी काहीही यास कारणीभूत ठरू शकते. १९५५ मध्ये पुण्यात आढळलेले गाजर गवत पुढे देशभर पसरले. त्याचे परागकणही अ‍ॅलर्जीस कारण ठरतात. अशा कणांशी संपर्क येताच डोळ्यांतील विशिष्ट पेशी हिस्टामीन हे द्रव्य सोडतात. त्यामुळे खाज, लाली व सूज येते. डोळे चोळल्यास हिस्टामीन आणखी सुटते आणि त्रास वाढतो.

ओळखावे कसे?

तीव्र खाज, दोन्ही डोळ्यांतून पाण्यासारखा स्राव आणि जोडीला शिंका ही अ‍ॅलर्जीची प्रमुख लक्षणे होत. घट्ट पिवळा स्राव येऊन पापण्या चिकटत असल्यास संसर्गाची शक्यता अधिक असते. जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्र व छत्तीसगडमध्ये पसरलेली डोळ्यांची साथ संसर्गजन्य होती. शंका असल्यास रुमाल व टॉवेल वेगळा ठेवावा.

तातडीने काय करावे?

खिडकीपासून दूर बसावे. हात धुऊन कॉन्टॅक्ट लेन्स काढाव्यात. पिण्याच्या स्वच्छ पाण्याने डोळे व चेहरा धुवावा. थंड पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ रुमालाची घडी मिटलेल्या डोळ्यांवर दहा मिनिटे ठेवावी. कृत्रिम अश्रूंचे थेंब जवळ असल्यास घालावेत. डॉक्टरांनी पूर्वी दिलेली अ‍ॅलर्जीची गोळी घेता येते. मात्र काही गोळ्यांनी झोप येते, म्हणून त्या घेऊन वाहन चालवू नये. गुलाबपाणी, मध किंवा तूप डोळ्यांत घालू नये.

डेक्सामेथासोन, बीटामेथासोन यांसारखी स्टिरॉइड असलेली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय वापरू नयेत. त्यांनी लाली लवकर उतरते. परंतु संसर्ग असल्यास तो बळावू शकतो. दीर्घकाळ वापराने काचबिंदू व मोतीबिंदू होऊन दृष्टी कायमची अधू होण्याची भीती असते. दुसऱ्याच्या बाटलीतील थेंबही घालू नयेत.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

डोळ्यात तीव्र वेदना, अंधुक दिसणे, उजेड सहन न होणे, एकाच डोळ्यात काही रुतल्यासारखे वाटणे किंवा दोन दिवसांत उतार न पडणे, यांपैकी काहीही झाल्यास नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. ओठ किंवा जीभ सुजणे, श्वास लागणे, भोवळ येणे ही लक्षणे जिवावर बेतू शकतात. अशा वेळी गाडीत असल्यास रेल्वेच्या १३९ क्रमांकावर, अन्यत्र ११२ वर त्वरित मदत मागावी.

पूर्वी असा त्रास झालेल्यांनी प्रवासापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घेऊन औषध व त्याची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवावी. साधा चष्माही धूळ व परागकण काही अंशी अडवतो.