जामखेडच्या पाण्याचे राखणदार

साठच्या दशकात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करत होते. जुलाबाने सुकलेली मुले येत, बरी होऊन घरी जात आणि त्याच विहिरीचे पाणी पिऊन काही दिवसांनी पुन्हा त्याच खाटेवर येत. बहुतेक आजार मुळात टाळता येण्याजोगे आहेत, हे दोघांना तिथेच उमगले. रुग्णालय कितीही चांगले चालवले, तरी गावाची विहीर जोवर घाण आहे तोवर उपचाराला अंत नव्हता. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि 1970 मध्ये त्याच जिल्ह्यातल्या जामखेडला त्यांचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा राहिला.

लोकांची पहिली मागणी दवाखान्याची नव्हती, पाण्याची होती. त्यातच 1972 चा दुष्काळ पडला. काळ्या कातळात कूपनलिका खोदून हातपंप बसवायचे, तर जागा कुठली, हा प्रश्न आला. दलितांना गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. म्हणून शक्य तिथे पंप दलित वस्तीतच बसवायचा, असा मार्ग आरोळ्यांनी धरला. इतरांना पाणी हवे, तर त्यांनी तिथे यावे. स्वच्छ पाणी आणि शिवाशिव या दोन्ही गोष्टी तिथे एकाच दांड्याला लागल्या. एरवी सभा-भाषणांनी जे झाले नसते, ते रोज सकाळच्या रांगेने हळूहळू घडवले.

बंद तोंडाच्या या पंपांचे मोल कळायला जुन्या बारवा आठवाव्यात. माणूस पायऱ्या उतरून थेट पाण्यात पाय घाली. पायावरच्या फोडातून नारूची अळी पाण्यात जाई, तिथून सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जीवात आणि तिथून पिणाऱ्याच्या पोटात. वर्षभराने हातभर लांबीचा कृमी कातडी फोडून बाहेर येई, आणि तोही ऐन पेरणीच्या हंगामात माणसाला आडवा पाडी. महाराष्ट्र नारूग्रस्त राज्यांपैकी एक होता. देशातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात आढळला आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. या रोगावर लस नव्हती, खात्रीचे औषधही नव्हते. पायऱ्या बंद करणे, पाणी गाळून पिणे आणि विहिरीत औषध टाकणे एवढ्यावर तो गेला.

पण पंप बसला म्हणजे काम संपले असे नाही. पाणी भरले कशात, हंड्यात हात कोण बुडवतो, पंपाभोवती सांडपाणी साचते का, हे रोज कोण बघणार? परिचारिका खेड्यात राहायला तयार नव्हत्या. मग गावानेच निवडलेल्या बाया शिकवल्या गेल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर, अनेक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या आठवड्याला जामखेडला येऊन शिकत आणि परत जाऊन घरोघर सांगत. जुलाब झाला तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ: या ज्ञानाने मुले वाचली. 1971 च्या सुमारास या गावांत हजारी 176 अर्भके दगावत. शतक संपेतो हा आकडा तिशीच्या खाली आला. श्रेय एकट्या पाण्याचे नाही. लसीकरण, आहार, बाळंतपणाची काळजी हे सारे त्यात आहे, पण पाण्यावाचून त्यातले काहीच टिकले नसते. या कामासाठी आरोळे दाम्पत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी अल्मा-आटा येथे जगातल्या देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला होता.

आज पाणी राखण्याचे हे काम सरकारी यंत्रणेत वाटले गेले आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पाण्याचे स्रोत तपासते, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग नमुने घेतो. गावात मात्र सगळा भार ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकावर असतो. हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची. अर्ध्या तासाने ओटी चाचणी घ्यायची. पाण्यात पिवळी झाक आली, तर क्लोरिन शिल्लक आहे. पावडरीचे पोते उघडे पडले, ओल लागली की तिचा कस उतरतो आणि मग माप बरोबर टाकूनही पाणी कच्चेच राहते. साथ पसरायला एवढी चूक पुरते.

पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांची पाहणी होऊन धोक्यानुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवायचे ठरले. ही कल्पना जामखेडची सख्खी बहीण आहे. फरक एका ठिकाणी पडू शकतो. जामखेडच्या बाईला गावाने निवडले होते आणि तिला प्रश्न विचारायचे धाडस आठवड्याच्या शिक्षणाने दिले होते. एका दिवसाचे प्रशिक्षण आणि हातात दिलेला संच यांतून ते येत नाही. नळाच्या पाण्यात दोष निघाला, तर सरपंचाला तोंडावर सांगणारी बाई हवी, आणि तिचे ऐकून त्याच दिवशी टाकी रिकामी करणारी ग्रामपंचायतही. जलसुरक्षकाला मानधन वेळेवर मिळावे आणि तपासणीचा निकाल ग्रामसभेत वाचून दाखवला जावा, या दोन गोष्टींना नवी योजना लागत नाही.